वाचक विचारतात : इंडी रॉकचा व्हिडिओ की प्री-वेडिंग?

इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचं रॉक, वाजवणाऱ्या बँडच्या व्हिडिओंबद्दल प्रश्न मागवले होते. सोलापूरकरांची पत्रं इतकी नेमकी आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलेली पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : आमचा चौघांचा बँड आहे. पहिल्या गाण्याचा व्हिडिओ हिप्परगा तलावावर काढला. ओळखीचा फोटोग्राफर, गिंबल (कॅमेरा न हलता तरंगता ठेवणारा दांडा), ड्रोन, सगळं होतं. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, "मस्त आहे, पण लग्न कुणाचं?" चुकलं कुठं?
— जुळे सोलापूर

तुमच्या फोटोग्राफरने रोजच्या लग्नाच्या कामात जे करतो तेच केलं. तरंगत पुढे जाणारा गिंबल, सगळीकडे स्लो मोशन, पाठीमागून मावळतीचं ऊन, मागचं सगळं लोण्यासारखं धूसर, शेवटी मागे मागे जाणारा ड्रोन. या प्रत्येक युक्तीचा अर्थ एकच निघतो : समोरची माणसं सुंदर आहेत आणि त्यांना जगाशी देणंघेणं नाही. जोडप्याला ते शोभतं. तंबोऱ्यागत गिटार धरलेल्या चार पोरांना नाही.

इंडी रॉकच्या व्हिडिओची धाटणी पैशाच्या टंचाईतून आली. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि बघता बघता व्हिडिओ नसलेल्या गाण्याला कुणी विचारेना. मोठ्या कंपन्या सेट उभारत होत्या. लहान लेबलांच्या (रेकॉर्ड कंपन्यांच्या) बँडकडे तालमीची खोली, मित्राचा कॅमेरा आणि एक दिवस एवढंच असायचं. मग व्हिडिओ त्या खोलीतच व्हायचा. त्यातून काहींनी चक्क पवित्रा घेतला : द रिप्लेसमेंट्सच्या 'बास्टर्ड्स ऑफ यंग'मध्ये जवळजवळ सगळा वेळ कृष्णधवल चित्रात एक स्पीकर दिसतो, बँड कुठेच नाही. हीच काटकसर पुढे शैली म्हणून रुळली, इतकी की आज भरपूर पैसे असलेले बँडही ती ओढून आणतात.

आता कामाचं. कॅमेरा माणसापासून दीड मीटरवर आणा आणि २८ ते ३५ मिलिमीटरची लेन्स लावा. फोन असेल तर त्याचा मुख्य कॅमेराच वापरा, तो याच्या जवळपास असतो. अ‍ॅपर्चर ५.६ किंवा ८, म्हणजे मागची भिंत, लोंबणाऱ्या वायरी, टेबलफॅन, उघडी गिटारची पेटी, सगळं दिसेल. ते दिसायलाच हवं. बघणाऱ्याला बँड कुठून आलाय ते त्यावरून कळतं. कॅमेरा हातात धरा, पण मुद्दाम हलवू नका. कोपर बरगडीला टेकवून स्थिर धरायचा प्रयत्न करा. जो थोडा हलेल तो खरा. मुद्दाम हलवलेला कॅमेरा दोन सेकंदांत ओळखू येतो. फोनचं स्टॅबिलायझेशन बंद करता येत असेल तर करा, नाहीतर ते कडा वितळल्यासारख्या करतं. उजेड एकाच बाजूने, कडक. भिंतीवर सावली पडली तर पडू द्या.

संकलनात सर्वांत मोठी खोड म्हणजे प्रत्येक ठोक्यावर कट. कडव्यात एक शॉट ८ ते १२ सेकंद राहू द्या, कट मात्रेच्या मध्येच कुठेतरी घ्या आणि वेग ध्रुवपदासाठी राखून ठेवा.

पुन्हा शूट करायची ऐपत नसेल तर आहे त्यातूनही निघेल. ड्रोनचे सगळे शॉट काढून टाका. सेकंदाला ५० फ्रेमचे स्लो मोशन शॉट मूळ वेगाने चालवा : २५ च्या टाइमलाइनवर एकाआड एक फ्रेम गळते आणि शटर (एका फ्रेमला उजेड मिळतो तो वेळ) १/१०० सेकंद असल्यामुळे हालचाल जरा तुटक दिसते. ती तुटकता इथे चांगलीच. नारिंगी-निळा लट (रंगांचा तयार साचा) उतरवा. यानंतर जे दीड-दोन मिनिटांचं उरेल त्याला जोड म्हणून तालमीच्या खोलीत एक संध्याकाळ पुरे.

प्रश्न : मुलाच्या बँडचा व्हिडिओ पाहिला. चौघेही उधारी बुडाल्यासारखा चेहरा करून उभे, एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नाही. गिटारवाला तर पूर्ण वेळ पायाकडे. पोरं नाराज आहेत का?
— एक पालक, साखर पेठ

पोरं खुशीत आहेत, काळजी करू नका. निर्विकार चेहरा ही या प्रकारातली रीत आहे. सिनेमातला नायक गाणं तुमच्यासाठी म्हणतो. इथे बँड आपापसात वाजवतोय आणि कॅमेरा आगंतुक आहे, असा बहाणा असतो. पायाकडे बघण्याला तर कारणही आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये असे बँड निघाले की गिटारवाल्याच्या पायाशी इफेक्टचे डझनभर पेडल असायचे. कोणतं कधी दाबायचं हे बघताना मान वर करायला फुरसत नसायची. तुमच्या चिरंजीवांपुढे पेडल किती आहेत ते बघा. एकच असेल तर मात्र त्यांना विचारा, काय बघताय म्हणून.

प्रश्न : अशोक चौकाजवळ नातेवाइकांचा चादरीचा कारखाना आहे. तिथे माग चालू असताना गाणं शूट करायचंय. फोनवर चाचणी घेतली तर चित्रावर काळे पट्टे सरकतात, आवाजात गाणं ऐकूच येत नाही, आणि घरी आल्यावर गाणं व्हिडिओला जुळेना. जागा सोडवत नाही. काय करावं?
— एक ड्रमर

जागा सोडू नका. फक्त आधी हे ठरवा की माग गाण्यात काय करतोय. मागे नुसता धडधडत असेल तर तो दोन शॉटनंतर वॉलपेपर होतो. मागाची लय आणि ड्रमची लय यांचं काही नातं लावता आलं, एखाद्या कडव्यात ड्रम थांबवून नुसता माग चालू ठेवता आला, तर त्या जागेला अर्थ आहे.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोन आपल्या मनाने ३० फ्रेमवर चालतो आणि शटर १/६०, १/१२० असं काहीही घेतो. लुकलुकण्याशी ते जुळत नाही, म्हणून पट्टे. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाती येत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप घ्या. फ्रेमरेट २५, शटर १/५०, आणि दोन्ही लॉक. उजेड जास्त झाला तर शटर न वाढवता आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) उतरवा किंवा लेन्सपुढे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. १/१०० सुद्धा चालेल. स्वस्त एलईडी पट्ट्यांचा भरवसा नाही, त्यांच्या आतलं सर्किट वेगळ्याच गतीने लुकलुकतं. त्या बंद करून ट्यूबवर किंवा दारातल्या उजेडावर काम करा. १२० फ्रेमचा स्लो मोशन ट्यूबखाली घ्यायचाच नाही, चित्र धडधडत उजळतं-मंदावतं.

धोटा पळताना दिसावा असं वाटत असेल तर १/५० वर तो नुसता ओरखडा दिसतो. त्यासाठी शटर १/५०० च्या पुढे हवं, तेवढा उजेड हवा आणि तो ट्यूबचा नसावा. म्हणजे दाराजवळचा माग आणि सकाळचं ऊन. हा शॉट गाण्याबाहेरचा म्हणून वेगळा घ्या.

आवाजाचा प्रश्न दोन बाजूंनी आहे. मागाच्या खडखडाटावर मात करील असा स्पीकर आणायच्या फंदात पडू नका. गायकाच्या कॅमेऱ्यापासून लांबच्या कानात वायरचा इअरफोन द्या, वायर शर्टाच्या आतून. ड्रमरला दोन्ही कानांत, गाण्याबरोबर क्लिकही (ताल दाखवणारी टिकटिक). ब्लूटूथ नको : प्रत्येकाच्या इअरफोनला आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो आणि चौघे चार जागी वाजवतात. एका हेडफोन स्प्लिटरवर चार वायरी लावल्या की भागतं. बाकीच्या वेळी सगळ्यांनी कानात बोळे घालावेत.

दुसरी बाजू घरी गेल्यावर कळते, आणि तुमचं तिथेच अडलं. संकलनाचं सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातल्या आवाजावरून गाणं जुळवतं. कॅमेऱ्यात नुसता माग असेल तर ते काय जुळवणार? उपाय असा : गाणं वाजवणाऱ्या फोनचा एक जास्तीचा इअरफोन वायरलेस माइकला चिकटवा, दोन्ही मिळून जाड टॉवेलात गुंडाळा आणि त्या माइकचा रिसीव्हर कॅमेऱ्याला लावा. टॉवेल सोलापुरात मागावा लागत नाही. मग कॅमेऱ्यात स्वच्छ गाणं जातं आणि जुळणी आपोआप होते. शिवाय प्रत्येक टेकच्या सुरुवातीला गाण्याचे सेकंद पळताना दिसणारा फोन लेन्ससमोर धरा. माइक दगा देईल तेव्हा हाच आधार.

ड्रम खोटे वाजवू नका. काठी कातड्याच्या इंचभर वर थांबवली की खांद्यावरून लगेच कळतं. मागाच्या आवाजात तुमच्या ड्रमने कुणाचं बिघडणार नाही, जोरात वाजवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. कारखान्यात कापसाची तूस हवेत असते, कौलाच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप तिच्यामुळे आपोआप दिसते. धुराचं यंत्र लागत नाही; त्याचा ओलावा सुतावर बसला तर डाग पडायची भीती, ती वेगळीच. रंगीत धुराच्या नळकांड्या, फुलबाज्या, मेणबत्त्या यातलं काहीही आत न्यायचं नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले. सुताला आग लागली की ती आवरायला वेळ मिळत नाही. बाहेर पळायचं दार कोणतं, ते उघडं आहे का आणि त्याच्या वाटेत तुमच्या पेट्या नाहीत ना, हे कॅमेरा बाहेर काढण्याआधी बघा. मोकळे केस, ओढणी, गिटारचा लोंबता पट्टा मागाच्या फिरत्या पट्ट्याच्या आणि चाकाच्या जवळ नको. लेन्स आत बदलू नका, तूस सेन्सरवर बसते.

आणि कामगार. मजुरी कामावर मोजली जाते. तुमच्या शॉटसाठी दोन तास माग थांबला तर विणकराचे दोन तास गेले. ते पैसे मालकाच्या हाती न देता त्याच्या हाती द्या. त्याचा चेहरा व्हिडिओत येणार असेल तर आधी विचारा आणि झालेला शॉट दाखवा. नको म्हणाला तर हात घ्या. तुटलेला धागा गाठणारे हात कोणत्याही गिटारवाल्यापेक्षा बघण्यासारखे असतात, हे आमचं मत.

प्रश्न : गायक नॉर्मल गातोय आणि आजूबाजूचं सगळं स्लो, असं कसं करतात? आम्ही स्लो मोशन लावलं तर ओठही स्लो झाले.
— विजापूर रोड

गाणं वेगाने वाजवून गायचं आणि चित्र तेवढंच मंद करायचं. २५ च्या टाइमलाइनसाठी ५० फ्रेमने शूट करत असाल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवा. घरी क्लिपचा फ्रेमरेट २५ केला की ओठ मूळ गाण्यावर बसतात आणि केस, कपडे, उडणारी धूळ तरंगते. अडचण एकच : दुप्पट वेगात शब्द तोंडात मावत नाहीत. ठोके मिनिटाला ९० च्या आत असले तर जमतं, त्यापुढे गायक शब्द चावत असल्यासारखा दिसतो.

त्यापेक्षा सोसवणारा हिशेब म्हणजे ३० फ्रेम आणि गाणं १२० टक्के वेगाने. परिणाम हलका येतो. काय बिनसलंय ते कळत नाही पण काहीतरी वेगळं वाटतं. आमच्या मते इंडीला हाच शोभतो. यात एक खाच आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांचं ३० म्हणजे प्रत्यक्षात २९.९७ असतं. चार मिनिटांच्या गाण्यात त्याने सुमारे पाव सेकंदाचा, म्हणजे ६ फ्रेमचा फरक पडतो. सुरुवात जुळते, शेवट सुटतो, आणि दोष गायकाला दिला जातो. तुमचा कॅमेरा २९.९७ चा असेल तर गाणं ११९.८८ टक्क्यांवर न्या.

फोनवर आणखी एक भानगड : तो फ्रेमरेट आपल्या सोयीने कमीजास्त करत राहतो. क्लिप आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढा, मगच संकलनात घ्या. संकलनाला दा विंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर पहिली क्लिप आत घेण्याआधी प्रोजेक्ट २५ वर ठेवा, नंतर ते बदलू देत नाही. वेगवान गाण्याच्या फाइलला सुरुवातीला चार क्लिक जोडा, तेही त्याच वेगाने. नाहीतर पहिली ओळ प्रत्येक टेकमध्ये चुकते.

प्रश्न : जुन्या व्हिडिओ कॅसेटचा लूक हवाय. अ‍ॅपने केलं तर खोटं दिसतं.
— सात रस्ता

कारण अ‍ॅप एकाच चित्रात फिल्मचे ओरखडे, कॅसेटच्या रेघा आणि कोपऱ्यात तारीख, सगळं ओततं. फिल्म आणि कॅसेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक निवडा.

सुपर ८ (जुन्या घरगुती कॅमेऱ्यातली) फिल्म हवी असेल तर हालचाल १८ किंवा २४ फ्रेमची, जरा तुटक. चित्रावरचे बारीक कण सगळीकडे सारखे. कडा किंचित थरथरत्या. ५० फुटांचं एक काडतूस १८ फ्रेमवर ३ मिनिटं २० सेकंद आणि २४ वर अडीच मिनिटं चालायचं. म्हणून त्यात शॉट छोटे असायचे. तुम्ही ४० सेकंदांचा शॉट ठेवलात तर कितीही कण टाका, पटत नाही.

कॅसेटचं उलटं आहे. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं असायची, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते. सिनेमासारखं २५ वर शूट करून कॅसेटचा इफेक्ट टाकला की तिथेच फसतं. ५० फ्रेमने शूट करा आणि फाइलही ५० चीच काढा. चित्र ७२० बाय ५७६ पर्यंत लहान करून पुन्हा मोठं करा. धूसरपणा फक्त रंगाला द्या, उजेड-अंधाराला नको. लाल शर्टाचा रंग बाजूला गळायला हवा पण शर्टाची कड ओळखू यायला हवी. चित्राच्या अगदी तळाशी एक वाकडी फडफडती रेघ असते, ती ठेवा. मधून जाणाऱ्या रेघा गाण्यात एक-दोनदा पुरेत.

सर्वांत खरा उपाय स्वस्त आहे. लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर करून देणाऱ्या दुकानात व्हीसीआर असतो. झालेला व्हिडिओ त्यांच्याकडून कॅसेटवर भरून परत उतरवून घ्या. दुकानदार विचित्र बघेल, बघू द्या. २००५ साली आर्क्टिक मंकीजनी 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर'साठी १९८० च्या दशकातले टीव्ही स्टुडिओचे कॅमेरे आणून त्यांच्यापुढे प्रत्यक्ष वाजवलं होतं. तिथे इफेक्ट टाकावाच लागला नाही.

जुन्या टीव्हीसारखं ४:३ चं चित्र हवं तर फाइलच १४४० बाय १०८० ची काढा, काळ्या पट्ट्या स्वतः चिकटवू नका. आणि कण असलेला व्हिडिओ यूट्यूब चिखल करून टाकतं, म्हणून चढवण्याआधी २८८० बाय २१६० ला मोठा करा. मोठ्या चित्राला यूट्यूब जास्त डेटा देतं, कण वाचतात.

प्रश्न : भुईकोट किल्ल्यात, वरून ड्रोन. आणि जानेवारीत गड्ड्यावर (सिद्धेश्वर यात्रेत). परवानगी लागते का?
— नवी पेठ

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड, लाइट, ड्रमसेट घेऊन आत शूट करायचं तर त्यांची परवानगी आधी हवी. होटगी रोडच्या विमानतळामुळे शहराचा बराच भाग ड्रोनसाठी मोकळा नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत चालतं, त्याहून जवळ असाल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका. पहिल्या उत्तरात ड्रोनबद्दल काय म्हटलंय तेही वाचा.

गड्डा सुंदर दिसतो, पण तिथे ओठ जुळवायचा नाद सोडा. होम मैदानावर दहा भोंगे एकदम चालू असतात आणि गर्दी तुमच्यासाठी थांबत नाही. दोन माणसं, एक फोन, पाळण्याचे दिवे, चालता चालता घेतलेले शॉट, एवढंच करा. पाळणेवाल्याला विचारून घ्या. दिव्यांचे पट्टे येतील, शटर १/५० वर ठेवूनही आले तर दिवे धूसर करा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीपुढे गिटार घेऊन उभं राहू नका. तो सोहळा सिद्धरामेश्वरांचा आहे, तुमचा सेट नाही.

प्रश्न : अख्खं गाणं एका टेकमध्ये, मे महिन्यात, गच्चीवर. जमेल?
— एक वाचक, होटगी रोड

पारा ४२-४३ वर असताना दुपारी फोन पाच-सात मिनिटांत तापून रेकॉर्डिंग थांबवतो, ड्रमरचंही तेच होतं. सकाळी सहा ते साडेसात. फोर-केऐवजी १०८० वर घ्या, चार्जिंगला लावून शूट करू नका, कव्हर काढा, दोन टेकच्या मध्ये फोन सावलीत पंख्याखाली. फ्रीजमध्ये नको, लेन्सवर बाष्प धरतं.

एका टेकसाठी कॅमेरा नाचवायची गरज नाही. ओके गोच्या २००६ च्या आठ ट्रेडमिलवाल्या व्हिडिओत कॅमेरा एका जागी ठोकलेला आहे, धावपळ माणसांची. गच्चीवर खडूने खुणा करा आणि प्रत्येक खुणेशी गाण्याचा शब्द लिहा, सेकंद नको. गाणाऱ्याला शब्द आठवतो, घड्याळ नाही. सर्वांत अवघड हालचाल पहिल्या ३० सेकंदांत ठेवा. बिघडलीच तर टेक तिथेच थांबवता येतो, तीन मिनिटं वाया जात नाहीत.

प्रश्न : गाणं आमचं, व्हिडिओ आमचा, तरी यूट्यूबने दुसऱ्याच कुणाचा हक्क दाखवला.
— जुनी मिल परिसर

दोन शक्यता. तुम्ही गाणं स्पॉटिफायवर ज्या वितरकामार्फत टाकलंत त्यानेच तुमच्या नावाने कंटेंट आयडी (गाणं ओळखून हक्क सांगणारी यूट्यूबची यंत्रणा) चालू केली असेल. तसं असेल तर वितरकाला तुमच्या चॅनलची लिंक देऊन ते सूट यादीत टाकायला सांगा. किंवा गाण्यात एखादा तयार लूप आहे आणि तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कुणी आपलं गाणं आधी नोंदवलंय. मग लूपचा परवाना आणि तुमच्या गाण्याची प्रोजेक्ट फाइल हाताशी ठेवून हरकत नोंदवा. दाव्यातले सेकंद बघितले की यातलं कोणतं ते लगेच कळतं : पूर्ण गाण्यावर दावा असेल तर पहिलं, मधल्याच तुकड्यावर असेल तर दुसरं.